बाईचा रोज कमी का? समान वेतनाच्या वादातला हिशेब

बाईला आणि पुरुषाला कामाचे पैसे सारखे मिळतात का, हा विषय निघाला की मराठवाड्यात दोन उत्तरं ठरलेली. जिल्हा परिषद शाळेतले गुरुजी म्हणतात, "फरक आहेच कुठं? मॅडमची आणि माझी वेतनश्रेणी एक, महागाई भत्ता एक, वेतनवाढही सारखीच." त्याच गावात खुरपणीला जाणारी बाई म्हणते, "आम्हाला तीनशे, गड्याला पाचशे. सारखं कुठून आलं?" दोघंही खरं सांगताहेत. तरीही वाद मिटत नाही, कारण दोघं वेगवेगळी गोष्ट मोजताहेत.

या वादात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. एकाच कामाला दोघांना एकच दर मिळतो का, हा पहिला. बायकांकडे येणारी कामं आणि पुरुषांकडे जाणारी कामं वेगळी असतील, तर त्यांची किंमत कशी ठरते, हा दुसरा. आणि वर्षाअखेर बाईच्या स्वतःच्या हातात एकूण किती पडतं, हा तिसरा. गुरुजींनी पहिल्याचं उत्तर दिलं. सरकारी नोकरीत पद आणि श्रेणी ठरलेली असल्यामुळे ते उत्तर बरोबरही आहे. पण मराठवाड्यातल्या बहुसंख्य कष्टकरी बायकांचं आयुष्य दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नात अडकलेलं आहे, आणि तिथवर चर्चा पोचायच्या आधीच चहा संपतो.

रानातला हिशेब नीट मांडून पाहू. रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, गावागणिक बदलतो, हंगामागणिक बदलतो. सगळ्यांचं सोयाबीन एकदम काढणीला आलं की चढतो, कामं सरली की उतरतो. समजण्यापुरते बाईचे तीनशे आणि गड्याचे पाचशे धरू. म्हणजे गड्याच्या रुपयामागे बाईचे साठ पैसे. यावर शेतमालक म्हणतो, "गडी आठला येतो, बाया दहा वाजल्याशिवाय बांधावर दिसत नाहीत." ही गोष्ट खोटी नाही. गडी जेवणाची सुट्टी सोडून आठ तास भरतो आणि बाया सहा तास, असं धरलं तर बाईला तासाला 50 रुपये पडतात आणि गड्याला साडेबासष्ट. रुपयामागे साठ पैसे होते ते आता ऐंशी झाले. म्हणजे चाळीस पैशांच्या दरीतली निम्मी तासांमुळे होती. मालकाचं म्हणणं निम्मं टिकलं, निम्मं पडलं.

आता दोन्ही निम्म्यांकडे वेगवेगळं पाहायला हवं.

तासांचं आधी घेऊ. बाई दहाला का येते? पहाटे उठून पाणी भरायचं, झाडलोट, शेणकूर, जवारीच्या भाकरी थापायच्या, लेकरांना शाळेत धाडायचं, म्हातारी माणसं असतील तर त्यांचं बघायचं, मग कुठं फडकं डोक्याला बांधून रानाची वाट. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहण्यात तास जातो तो वेगळाच. आणि आठला रानात पोचलेल्या गड्याची भाकरी? तीही कुणीतरी पहाटेच थापलेली असते. त्याचे पहिले दोन तास मजुरीत धरले जातात, आणि त्याला ते दोन तास मोकळे करून देणारीचे धरले जात नाहीत. केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याने 2024 मध्ये लोक दिवसाचा वेळ कशात घालवतात याची देशभर पाहणी केली. घरातलं बिनपैशाचं काम करणाऱ्यांमध्ये बायकांचा रोजचा वेळ सरासरी 289 मिनिटं निघाला आणि पुरुषांचा 88. पावणेपाच तासांहून जास्त विरुद्ध दीड तास. त्यामुळे "बाया कमी तास येतात" हे उत्तर मला अपुरं वाटतं. त्यातून फरक कुठून आला ते कळतं. तो रास्त आहे हे मात्र त्यातून ठरत नाही.

उरलेले तासाचे साडेबारा रुपये. त्यांचं नेहमीचं कारण म्हणजे, गड्याचं काम जड. पोतं उचलणं, फवारणीचा पंप पाठीवर घेणं, चर खोदणं ही कामं जड आहेतच. पण जडपणावरच दर ठरत असता तर ट्रॅक्टरवाल्याचा रोज खुरपणाऱ्या बाईपेक्षा कमी असायला हवा होता. तो बसून काम करतो आणि ती दिवसभर वाकून. मग म्हणतात, त्याच्याकडे कसब आहे. आहेच. पण गावात ट्रॅक्टर चालवायला कुणी कुणाला शिकवलं? पोराला बारा-तेराव्या वर्षी मामा स्टिअरिंगवर बसवतो, पोरीला नाही. आणि खुरपणीलाही कसब लागतं. दाट पेरलेल्या मुगा-उडदात रोप न दुखावता तण काढणं नवख्याच्या हातून होत नाही. ते कसब बायका लहानपणापासून आईमागे फिरून शिकतात, कुणी वेगळी शिकवणी देत नाही, म्हणून ते कसब आहे असं कुणाच्या मनातच येत नाही.

कापसाच्या वेचणीत हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. वेचणी किलोवर असते. किलोला दहा रुपये दर धरला आणि बाईने दिवसात चाळीस किलो कापूस वेचला, तर तिला चारशे. शेजारच्या ओळीत पुरुषाने पंचवीस किलो वेचला, तर त्याला अडीचशे. काटा माणूस बघत नाही. जिथं काम वजनावर मोजलं जातं तिथं बाई-पुरुषाचा वेगळा दर आपोआप गळून पडतो, आणि जिथं काम दिवसावर मोजलं जातं तिथं तो परत येतो. जालना-परभणीच्या एकाच शिवारात, एकाच आठवड्यात ही दोन्ही चित्रं पाहायला मिळतात. दिवसाच्या मजुरीतला फरक अंगमेहनतीपेक्षा वहिवाटीने जास्त ठरतो, असं मी म्हणतो ते या काट्याकडे पाहूनच.

वहिवाट टिकते कशी? मजुरीचा दर ठरताना कामाची किंमत जेवढी महत्त्वाची असते, तेवढंच "नाही" म्हणायची ताकदही महत्त्वाची असते. गड्याला दर पटला नाही तर तो मोटारसायकल काढून लातूरच्या बांधकामावर जातो, वाळूजला कंपनीत चिकटतो, पुण्याला भावकीतल्या कुणाकडे उतरतो. बाईला संध्याकाळी घरी परतायचंच असतं, म्हणून तिचं कामाचं क्षेत्र पायी जाता येईल तेवढंच. चार-पाच शेतमालकांच्या पलीकडे गिऱ्हाईक नाही, हे तिलाही माहीत असतं आणि त्यांनाही.

म्हणूनच रोजगार हमीचं मोल मला फार वाटतं. 1972 च्या दुष्काळात मराठवाडा होरपळत असताना खडी फोडण्याच्या आणि पाझर तलावांच्या कामांवर हजारोंच्या संख्येने बाया उतरल्या होत्या. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या या योजनेचा कायदा राज्याने 1977 मध्ये केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. 2005 चा केंद्राचा रोजगार हमी कायदा त्याच वाटेने गेला. त्यात बाई-पुरुषाला वेगळा दर ठेवला नाही. 2025-26 साठी महाराष्ट्राचा दर दिवसाला 312 रुपये होता, दोघांनाही तोच. प्रत्यक्षात मजुरी खोदलेल्या मातीच्या मापावर निघते, त्यामुळे हातात कमी-जास्त पडतं, मस्टर वेळेवर निघत नाही, पैसे रखडतात, हे सगळं आहेच. तरीही गावात असं काम चालू असेल तेव्हा बाईच्या हाती एक पर्याय असतो. "दोनशेवर येणार नाही, तिकडं तळ्याचं काम सुरू आहे," असं ती म्हणू शकते. मग बांधावरचा दर हलतो.

दरी काळानुसार कमी होते का? होते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2018 साली भारतातल्या मजुरीवर एक अहवाल काढला. त्यानुसार 1993-94 मध्ये बायकांची सरासरी मजुरी पुरुषांपेक्षा 48 टक्क्यांनी कमी होती, 2011-12 मध्ये हा फरक 34 टक्क्यांवर आला. अठरा वर्षांत चौदा अंकांची घट, पण उरलेला एक तृतीयांश काही थोडका नाही.

"सरासरी" आली की आणखी एक भांडण सुरू होतं. कंपनीचा माणूस म्हणतो, आमच्याकडे एका पदाला एकच पगार, मग तुमचा 34 टक्के फरक आला कुठून? समजा वाळूजच्या एका कारखान्यात मशीन चालवणारे बारा जण आहेत, पगार 30 हजार. पॅकिंगला बारा जण, पगार 15 हजार. मशीनवर दहा पुरुष आणि दोन बायका. पॅकिंगला दोन पुरुष आणि दहा बायका. कुठल्याही पदावर भेदभाव नाही. आता सरासरी काढा. पुरुषांची 27,500 येते, बायकांची 17,500. रुपयामागे चौसष्ट पैसे, आणि तेही एकाही पगारपत्रकात गडबड नसताना! कंपनीचा माणूस खोटं बोलत नाही, अहवालही खोटा नाही. पण खरा प्रश्न सरासरीत दिसत नाही आणि पगारपत्रकातही दिसत नाही. दहा बायका पॅकिंगला आणि दोनच मशीनवर, ही वाटणी कशी झाली? आयटीआयला मुलींनी फिटर-टर्नरचा ट्रेड घेतला का, घेऊ दिला का, रात्रपाळी सुटल्यावर घरी पोचवणारी गाडी होती का, सुपरवायझरने नाव पुढं पाठवलं का, यात त्याचं उत्तर आहे.

क्रिकेटमध्येही हाच प्रकार दिसतो. ऑक्टोबर 2022 मध्ये भारतीय क्रिकेट मंडळाने महिला आणि पुरुष खेळाडूंचं सामना मानधन सारखं केलं: कसोटीला 15 लाख, एकदिवसीयला 6 लाख, टी-ट्वेंटीला 3 लाख. चांगला निर्णय, स्वागतच. पण बायकांच्या वाट्याला वर्षात कसोटी येतात किती? आणि 2024-25 च्या वार्षिक करारांत पुरुषांची सर्वांत वरची श्रेणी 7 कोटींची होती, महिलांची 50 लाखांची. सामन्याचा दर सारखा झाला, कमाई नाही झाली.

इथपर्यंत निदान बाईचं नाव कुठंतरी लिहिलेलं तरी होतं. बीडकडे आलं की तेही हरवतं.

दिवाळीच्या आगेमागे धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतून जोडप्यांच्या टोळ्या ऊसतोडीला निघतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या माणसाचा अर्धा कोयता. मुकादम, म्हणजे मजूर जमवणारा ठेकेदार, हंगामाआधी उचल (आगाऊ पैसे) देतो, बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात. मग तोडलेल्या उसाच्या टनावर ती उचल फिटत जाते. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली आणि दर टनाला साधारण 366 रुपयांवर गेला. जोडप्याने दिवसात दोन टन तोडला तर 732 रुपये झाले. यातले बाईचे किती? वहीत याचं उत्तर नाही. तिथं कोयत्याचं खातं असतं, बाईचं नसतं.

आणि काम काय असतं ते पाहा. ती पहाटे तीन-चारला कोपीत (झोपडीत) उठते, स्वयंपाक करते, अंधारातच फडात जाते. तोही तोडतो, तीही तोडते. पाचट काढणं, मोळ्या बांधणं, मोळी डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रकमध्ये चढणं, हे तिच्याकडे. परतल्यावर पुन्हा पाणी, चूल, लेकरं. तिच्याशिवाय मुकादम पूर्ण कोयता धरत नाही, म्हणजे निम्मं काम तिचं आहे हे धंद्याला पक्कं ठाऊक आहे. आजारपणाने काम बुडालं तर खाडा पडतो आणि दंड कापला जातो. पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा तपास केला, तेव्हा 82 हजारांवर ऊसतोड महिलांच्या पाहणीत 13 हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. त्यामागची कारणं अनेक आहेत, दवाखान्यांची लूटही आहे, पण एक कारण मजुरीच्या रचनेतच आहे: सुट्टीचा पैसा नाही, खाड्याचा दंड मात्र आहे. या बाईला समान वेतन मिळतं का? हा प्रश्न तिच्यापर्यंत पोचतच नाही, कारण तिला स्वतःचं असं वेतनच नाही.

कायदा काय म्हणतो? संविधानाच्या 39 व्या अनुच्छेदात पुरुष आणि स्त्रिया दोघांनाही समान कामासाठी समान वेतन मिळावं, असं राज्याला सांगितलेलं आहे. 1976 मध्ये समान वेतनाचा कायदा आला. त्याची जागा आता 2019 च्या वेतन संहितेने घेतली, जी नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तेच काम किंवा तशाच स्वरूपाचं काम असेल तर स्त्री-पुरुष म्हणून वेतनात फरक करता येत नाही. दरी बुजवण्यासाठी पुरुषांचा पगार खाली आणायचीही मुभा नाही. बाईचाच वर न्यावा लागतो. "तशाच स्वरूपाचं" म्हणजे पदाचं नाव वेगळं असलं तरी लागणारं कौशल्य, मेहनत, जबाबदारी सारखी असेल तर ते काम त्यात येतं. न्यायालयाने हे स्पष्ट केलं 1987 च्या निकालात. मुंबईच्या मॅकिनन मॅकेंझी कंपनीत स्त्री-लघुलेखकांना पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी पगार होता. कंपनीचा युक्तिवाद असा की या पदावर सगळ्या बायकाच आहेत, मग भेदभाव कुणाशी? शिवाय युनियनशी तसा करार झालाय, आणि जास्त देणं परवडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या लघुलेखक ऑड्री डिकॉस्टा यांच्या बाजूने निकाल दिला. बायकांचा वेगळा वर्ग करायचा आणि मग त्या वर्गाला कमी द्यायचं, ही युक्ती चालणार नाही, असा त्याचा अर्थ. "खुरपणी बायकांचंच काम" म्हणणाऱ्या प्रत्येकाने हा खटला समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

पण कायद्याला पकडायला कागद लागतो. हजेरीपटावर नाव, वेतनचिठ्ठी, बँकेतला जमा. बांधावर तोंडी ठरणाऱ्या मजुरीला आणि कोयत्याच्या वहीला यातलं काहीच नसतं. आशाताईंचं दुखणं आणखी वेगळं: औषधापासून सर्वेक्षणापर्यंत सगळी कामं त्यांच्याकडे, पण योजनेच्या लेखी त्या स्वयंसेविका, त्यामुळे किमान वेतनाची फूटपट्टीच त्यांना लागू होत नाही. आणि या कामावर पुरुष नसल्यामुळे तुलना करायलाही कुणी नाही.

शहरातल्या शिकलेल्या मुलींची अडचण बाळंतपणाशी येते. अर्थशास्त्राचं 2023 चं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी अमेरिकेतल्या दोनशे वर्षांच्या नोंदी तपासल्या. आज तिथं स्त्री-पुरुषांच्या कमाईत जो फरक उरलाय, त्यातला मोठा भाग पहिल्या मुलाच्या जन्मानंतर सुरू होतो, असं त्यांना दिसलं. आपल्याकडे 2017 पासून पगारी प्रसूती रजा 26 आठवड्यांची झाली, ही मोठी गोष्ट आहे. मात्र राज्य कामगार विम्याच्या कक्षेबाहेरच्या नोकरीत त्या रजेचा सगळा भार मालकावर पडतो. मग छत्रपती संभाजीनगरच्या एखाद्या लहान ऑफिसात मुलाखतीला आलेल्या मुलीला "लग्न कधी?" असं विचारलं जातं, आणि कमी पगारावर घेतलं जातं किंवा घेतलंच जात नाही. हा खर्च सरकारने किंवा विम्याने वाटून घ्यावा आणि बापालाही रजा असावी, असं माझं मत आहे. बाप घरी थांबू लागला तर मालकाला बाईच महाग पडते, हा हिशेब उरणार नाही.

आता करता येण्यासारखं. नोकरीत असाल तर वेतनचिठ्ठी मागा, ती देणं संहितेने बंधनकारक आहे. त्याच कामाला पुरुषाला जास्त मिळतं असं कळलं तर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी दाद मागता येते, तीन वर्षांपर्यंत मागची थकबाकीही मागता येते. एकटीने जाणं अवघड असतं. चौघी-पाचजणी मिळून गेल्या तर नाव एकीचं राहत नाही. रानात जिथं जमेल तिथं दिवसाऐवजी गुत्त्याने (पुऱ्या कामाचा एकच भाव ठरवून) काम घेतलेलं बायकांना बहुधा फायद्याचं पडतं. सोयाबीनची काढणी एकरावर उक्ती घेऊन पैसे आपसांत सारखे वाटणाऱ्या बायकांच्या टोळ्या लातूर-धाराशिवकडे आहेत. त्यांना कुणी "बाईचा रोज" सांगत नाही, ते एकराचा भाव सांगतात. पण गुत्त्यात शरीर पिळून निघतं आणि म्हातारी बाई मागं पडते, हेही लक्षात ठेवावं लागतं. घराघरांत सकाळचे ते दोन तास वाटून घेतले तर तासांचा फरक तेवढा कमी होईल, आणि त्यासाठी कुठलाही शासन निर्णय लागत नाही.

ऊसतोडीत सुरुवात कागदापासूनच करावी लागेल. दर तीन वर्षांनी टनाच्या दरासाठी संप होतो, लवाद बसतो, टक्के ठरतात. त्या मागणीपत्रात दराच्या ओळीखाली आणखी एक ओळ हवी: उचलीच्या करारावर नवरा-बायको दोघांची नावं, टनाचं बिल दोघांच्या खात्यावर निम्मं-निम्मं, आणि बाळंतपण-आजारपणाच्या दिवसांना खाड्याचा दंड नाही.